शेजारी एक, नावं एक्केचाळीस: हद्द कायम मोजणीचा अनुभव

जमिनीची हद्द ठरवायच्या सरकारी मोजणीची फी भरल्यापासून हातात ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, पडेपर्यंत सात महिने अकरा दिवस गेले. प्रत्यक्ष शेतातलं काम साडेचार तासांचं. मधल्या काळात काय अडलं ते लिहून ठेवतोय, कारण पुण्याभोवती ज्यांच्या बांधाला गुंठेवारी लागली आहे त्यांना आज ना उद्या हेच करावं लागणार आहे.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं पुणे महापालिकेत गेली. प्लॉटिंगवाले तेवढेच पुढे सरकले. आमचं गाव त्या गावांच्या पलीकडचं, पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीतलं. कागदावर अजून शेती, जमिनीवर पत्र्याची शेड, बोअर आणि ‘कलेक्टर एनए’ (म्हणजे बिगरशेती परवानगी मिळालेली जमीन) असे ठार खोटे फलक. घर बांधायचं तर परवानगी हवी, परवानगीला मोजणीचा नकाशा हवा, म्हणून हा खटाटोप.

अर्ज सोपा आहे. भूमी अभिलेख विभागाच्या ई-मोजणी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. डिसेंबर 2024 पासून साधी, तातडी, अतितातडी वगैरे प्रकार गेले. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच. ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमितला 2000 आणि द्रुतगतीला 8000 रुपये. मी जानेवारी 2025 मध्ये द्रुतगती भरली. तो पैसा वाया गेला असं माझं स्पष्ट मत आहे. फी जास्त भरली म्हणून शेजारी कमी होत नाहीत.

कारण घोडं अडतं ते लगतच्या कब्जेदारांपाशी. अर्जात चारही बाजूंच्या गटधारकांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात, त्यांना नोटीस जाते, मग तारीख. उत्तरेला, दक्षिणेला एकेक खातेदार, पूर्वेला ओढा. पश्चिमेचा गट 1 हेक्टर 21 आर. पूर्वी तिथे चार भावांची नावं होती. आता सातबारावर एक्केचाळीस.

हे कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं काम सोपं जाईल. आमच्याकडे बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे खरेदी-विक्रीला चालणारा सगळ्यात लहान तुकडा, बरीच वर्षं 11 गुंठे होतं (ऑगस्ट 2023 पासून ते 10 झालं). त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत तुकडेबंदीत अडकायचं. म्हणून आठ-दहा अनोळखी माणसं एकत्र आणायची, 11 गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करायचं आणि जागेवर चुन्याने प्लॉट पाडून द्यायचे. पश्चिमेला अशी चार खरेदीखतं झाली: 9, 8, 11 आणि 9 नावं. सदतीस हे आणि चार मूळचे. शिवाय नुसत्या नोटरीच्या कागदावर गुंठा-गुंठा घेतलेले वीसेक जण आहेत, त्यांची नावं सातबाऱ्यावर येतच नाहीत. आमच्या बांधाला लागून कंपाउंड मात्र त्यांचीच.

मी अर्जात मोठ्या भावाचं नाव लिहून ‘व इतर 40’ असं लिहिलं. पाच आठवड्यांनी त्रुटी निघाली. भूमी अभिलेख कार्यालयात विचारायला गेलो तर टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, “इतरांना नोटीस कुठल्या पत्त्यावर काढू?” रागाने बोललो, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. सातबाऱ्यावर नाव असतं, पत्ता नसतो. हे अर्ज घेतानाच सांगता आलं असतं, हा माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

पत्ते कुठे मिळतात ते कुणी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) क्रमांक असतो. तो फेरफार काढायचा. खरेदीचा असेल तर त्यात दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय लिहिलेलं असतं. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तो दस्त शोधून सूची क्रमांक 2 उघडायची. तिथे लिहून देणार आणि लिहून घेणार, दोघांचीही नावं पत्त्यासह, पिनकोडसकट असतात. शोध मोफत आहे. चार दस्त, चार सूची, सदतीस पत्ते. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी प्लॉटमध्ये दारोदार फिरलो ते काम एका संध्याकाळी घरबसल्या झालं.

पण हा पत्ता खरेदीच्या दिवसाचा. तेव्हाची माणसं भाड्याने धनकवडीत, वडगाव शेरीत, चिंचवडला राहत होती. आता ती प्लॉटवर राहायला आली किंवा प्लॉट विकून मोकळी झाली. दुसऱ्या तारखेला सोळा पाकिटं परत आली. त्यामुळे दोन्ही पत्ते द्या: सूचीतला आणि प्लॉटवरचा. राहिलेले चार मूळ मालक गावातलेच, पण त्यातले दोघे वारलेले आणि वारस नोंद झालेली नाही. वारस नोंदीचा अर्ज वारसांनीच करायचा असतो, आपण नाही. त्यांच्या घरी जाऊन मुलांची आणि मुलींचीही नावं लिहून आणली आणि ‘मयत, तर्फे वारस’ अशा नोटिसा काढायची विनंती लेखी दिली. लेखी, आणि पोच घेऊन. मुलींची नावं गाळलीत तर पुढे त्याच हरकत घेतात, आणि ती हरकत रास्त असते.

एक आधी सांगायचं राहिलं. सातबारा 15 रुपयांचा डिजिटल सहीचा काढा, आणि अर्जाच्याच आठवड्यात काढा. मी दोन महिने जुना जोडला होता. तेवढ्यात पश्चिमेच्या गटात आणखी एक फेरफार प्रमाणित झाला आणि माझी यादी एका नावाने चुकली. 

तिसरी तारीख जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातली. नोटिशीत लिहिलेलंच असतं की गैरहजर राहिलात तरी मोजणी होईल, तेव्हा सगळे यावेत म्हणून थांबू नका; नोटीस पोहोचल्याचा कागद महत्त्वाचा. नऊ जण आले. नोटरीवाले मात्र झाडून सगळे हजर.

भूकरमापकाकडे, म्हणजे मोजणी करणाऱ्या सरकारी माणसाकडे, रोव्हर होता, उपग्रहावरून जागेचा बिंदू टिपणारं यंत्र. रोव्हर चार बोटांच्या आत बिंदू देतो हे खरं, पण आपला जुना नकाशा तेवढा नेमका नाही. त्यामुळे आधी जमिनीवर जुन्या पक्क्या खुणा शोधून नकाशा त्यांवर बसवावा लागतो: शिवेचा दगड, विहीर, शेजारच्या गटांचे न हललेले बांध. आमच्या पट्ट्यात खरी पंचाईत इथे होते. नकाशातली पश्चिमेची विहीर मुरूम टाकून बुजवली आहे आणि तिच्यावर तीन मजली इमारत उभी आहे. बांध जेसीबीने गेले. शेवटी तीन गट सोडून पलीकडे जुना बांध आणि दगड सापडला, तिथून बिंदू आणले. तुमच्याकडे अशा खुणा कुठे शिल्लक आहेत ते मोजणीच्या आधी जुन्या माणसाला घेऊन फिरून बघा आणि तिथलं गवत साफ करून ठेवा. इमारतीच्या भिंतीलगत बिंदू घेताना रोव्हरच्या पडद्याकडे लक्ष द्या. ‘फिक्स’ दिसायला हवं. ‘फ्लोट’ असेल तर थांबायला सांगा. उंच भिंतीशी उपग्रह झाकले जातात आणि बिंदू फूट-दोन फूट सरकू शकतो.

निष्कर्ष: पश्चिमेचा बांध आमच्यात सव्वाचार फूट आत आलेला. जाणूनबुजून ढकलला असं सगळं नाही. सातबारा आरमध्ये असतो, प्लॉट गुंठ्यात विकतात, आणि सगळे दोन्ही एकच धरतात. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076. गुंठ्यामागे साडेबारा-तेरा चौरस फुटांचा फरक. खरेदीखतात 11 आर आणि जागेवर 11 गुंठे, असं चार दस्तांत केलं की साडेपाचशे चौरस फूट जमीन हवेतून आणावी लागते. त्यात पंधरा फुटांचा आतला रस्ता कुणाच्याच क्षेत्रात धरलेला नाही. हे सगळं शेवटच्या रांगेवर साचतं, आणि शेवटची रांग आमच्या बांधाला.

हद्दीच्या खुणांसाठी दगड, चुना आणि दोन मजूर आपणच न्यायचे. पावसाळ्यात नुसता दगड ठेवू नका, ओल्या काळ्या मातीत तो कलतो. दीड फूट खड्डा घेऊन सिमेंटमध्ये बसवा आणि लगेच फोटो काढा. जागेवर भांडू नका. भूकरमापक हद्द दाखवतो, भिंत पाडणं त्याच्या हातात नाही. ज्याला मान्य नाही त्याला निमताना मोजणी मागता येते. मग वरिष्ठ अधिकारी पुन्हा मोजतात. त्या दिवशी आवाज सगळ्यांनी चढवला, निमताना अजून कुणी मागितलेली नाही.

‘क’ प्रत ऑगस्टअखेर मिळाली. हातात आल्यावर तिथेच उभं राहून तपासा: गट क्रमांक, क्षेत्र, आणि रेकॉर्डची हद्द व वहिवाटीची हद्द वेगळ्या रेषांनी दाखवली आहे का. पहिल्या प्रतीत माझी वहिवाटीची रेषाच नव्हती. ती काढून घ्यायला आणखी सहा दिवस गेले, वरच्या हिशेबात ते धरलेले आहेत.

झोन दाखला आणि पुढची कागदपत्रं कुठे अडली नाहीत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सव्वाचार फुटांवरच्या भिंती अजून तिथेच आहेत.

एक्केचाळीस पत्त्यांची फाइल मी जपून ठेवली आहे. गेल्या महिन्यात त्याच गटाच्या पलीकडच्या बाजूच्या शेजाऱ्याने मोजणी भरली. त्यालाही तीच त्रुटी निघाली, तेव्हा झेरॉक्स करून दिली. दोन नावं तेवढ्यात बदलली होती, ती त्याला लाल पेनाने खोडून दिली.