झाड रुसलेलं नसतं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या गच्चीवरचं टोमॅटोचं रोप थबकलं की त्याचं पान माझ्याकडे येतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पानावर बारीक काळे ठिपके, भोवती पिवळी कडा, आणि प्रश्न ठरलेला: ‘ताई, ठिपके चारच पानांवर आहेत, मग अख्खं झाड का रुसलंय?’ काकू, गेल्या आठवड्यात तुम्हीही हेच विचारलंत, शिवाय मूठभर युरिया घालू का असंही, म्हणून या वेळी सविस्तर सांगते.

रोगाने झाड थकतं हे खरं. पण बरेचदा त्याने स्वतःहूनही वाढ आवरती घेतलेली असते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं इवलंसं रोप प्रयोगशाळेत वापरतात. बऱ्याच जीवाणूंना पोहायला शेपटीसारखा तंतू असतो, तो फ्लॅजेलिन या प्रथिनाचा. त्यातला फक्त २२ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडा पोषणद्रवात घालायचा आणि त्यात रोपं वाढवायची. जीवाणू एकही नाही, रोगही नाही. तरी आठ-दहा दिवसांनी साध्या द्रवातली रोपं तरारलेली दिसतात आणि ही खुजी. नुसत्या चाहुलीवर झाड हात आखडता घेतं!

त्यामागचा एक दुवा २००६ मध्ये हाती आला. आरएनए म्हटलं की प्रथिनाचा निरोप नेणारा लांब धागा आपल्याला आठवतो. पण पेशीत २० ते २४ अक्षरांचे चिमुकले आरएनएही असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या पकडीत बसतात आणि अक्षरं जुळतील तो निरोप कापायला लावतात. फ्लॅजेलिनची चाहूल लागली की तासाभरात त्यांतलाच एक, मायक्रो-आरएनए ३९३, वाढतो. तो कापतो ते ऑक्सिनची खूण ओळखणाऱ्या प्रथिनांचे, म्हणजे त्याच्या ग्राहकांचे, निरोप. ऑक्सिन म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक. ते पेशीत असतंच, पण पेशीला ते ऐकू येईनासं होतं.

वाढीवरच घाला का? कारण ऑक्सिनचा जोर असला की सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकावर चालणारी संरक्षणाची फळी दबते. टोमॅटोवर असे ठिपके पाडणारा जीवाणू स्यूडोमोनास सिरिंजी हे जणू ओळखून आहे. त्याच्या काही वाणांकडे झाडाचं ऑक्सिन वाढवणारं प्रथिनच आहे. शिवाय सुईसारख्या नळीतून तो पेशीत जी प्रथिनं टोचतो, त्यांतली काही या चिमुकल्या आरएनएंचंच काम बंद पाडतात, असं २००८ मध्ये दिसून आलं. म्हणजे हा पहारा झाडासाठी किती मोलाचा आहे, हे जीवाणूच सांगतो.

टोमॅटोत याची उलट बाजूही आहे, आणि मला ती सर्वांत आवडते. जीवाणूची घुसखोरी ओळखणारी बरीच प्रथिनं झाडाकडे असतात. ती सतत सज्ज ठेवणं महागात पडतं. म्हणून एरवी मायक्रो-आरएनए ४८२ आणि त्याची भावंडं त्यांना दाबून ठेवतात. रोग शिरला की हे आरएनए कमी होतात आणि ती प्रथिनं वाढतात. एक चिमुकला आरएनए लढाईत वाढतो, दुसरा लढाईत बाजूला होतो. वर्गात हे शिकवताना माझा तास नेहमी लांबायचा.

आता तुमच्या युरियाविषयी. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथे इंदूरला आले आणि कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. अशा गावात झाड थांबलं की खताकडे हात जाणारच. पण कंपोस्ट वेगळं आणि मूठभर युरिया वेगळा. जादा नत्रावर आलेली लुसलुशीत पानं कित्येक जीवाणूंच्या पथ्यावर पडतात. भाताचा कडा करपा हा जीवाणूजन्य रोग नत्र जास्त झालं की बळावतो, हे शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे. झाडाने वाढ आवरली असताना आपण त्याला ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा ठिपक्यांची पानं काढून टाका, कुंडीत ठेवू नका. पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी घाला, आणि पाने ओली असताना रोपाला हात लावू नका. काल तुमच्या गच्चीवर आले तेव्हा खालून तिसऱ्या पानाच्या बेचक्यात मला बगलफूट दिसली. ती मात्र खुडू नका.