वारा फिरण्याआधीचा तास

समुद्राचे पाणी उपसणारे पंप बसवून देणे आणि त्यांची देखभाल करणे हे माझे काम असल्यामुळे माझा जवळजवळ सगळा प्रवास बंदराच्या शहरांत झाला आहे. पुण्याहून निघायचे आणि कांडला, मंगळूर, कोची, तुतिकोरिन, चेन्नई, विशाखापट्टणम किंवा पारादीप गाठायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. दिवस पंपहाऊसमध्ये जातो आणि शहराची ओळख होते ती मुख्यतः सकाळी व रात्री, हॉटेलच्या खिडकीतून आणि तिथल्या माणसांकडून.

अशा मुक्कामांत मनात घर करून राहिलेली काही हॉटेले आहेत. कोचीत बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचा भराव घालून विलिंग्डन बेट तयार झाले. त्याच्या टोकाला असलेल्या जुन्या मलबार हॉटेलच्या हिरवळीवर बसले की बंदरात शिरणारे मालवाहू जहाज इतक्या जवळून जाते की डेकवरच्या माणसांचे चेहरे ओळखू येतात. कोलंबोचे गॉल फेस हॉटेल १८६४ सालचे आहे आणि संध्याकाळी त्याच्या काळ्यापांढऱ्या फरशीच्या गच्चीवर लाटांचे तुषार अंगावर येतात. आपल्या मुंबईचे ताज १९०३ मध्ये सुरू झाले, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया पुरा होण्याच्या वीस वर्षे आधीपासून ते त्या धक्क्यावर उभे आहे. ग्राहकांसोबतच्या बैठकांच्या निमित्ताने तिथे जाणे होते आणि दर वेळी त्या जिन्यापाशी पाय थबकतात. ही सगळी हॉटेले मला मनापासून आवडतात. तरीही समुद्रकाठच्या हॉटेलांत सर्वांत वरचे स्थान मी विशाखापट्टणमच्या बीच रोडवरच्या एका मध्यम दर्जाच्या, चार मजली हॉटेलला देते, आणि त्याचे कारण १२ ऑक्टोबर २०१४ हा दिवस आहे.

विशाखापट्टणमचे रूप पूर्व किनाऱ्यावरच्या इतर शहरांपेक्षा वेगळे आहे. चेन्नई किंवा पारादीपला जमीन सपाट आहे. इथे पूर्व घाटाच्या टेकड्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगराचा सुळका बंदराच्या तोंडाशी आडवा उभा आहे आणि त्याच्या आडोशाला १९३३ मध्ये बंदर सुरू झाले. उत्तरेकडे कैलासगिरी, मध्ये लांबच लांब रामकृष्ण बीच, आणि त्या रस्त्यालगत घरे, हॉटेले व पर्यटकांसाठी वाळूवर आणून ठेवलेली कुरसुरा पाणबुडी. त्या रस्त्यावरून सकाळी चालत जाण्याइतके सुख मला दुसऱ्या कोणत्याही औद्योगिक शहरात मिळालेले नाही.

शनिवारी ११ तारखेला मी तिथे पोहोचले तेव्हा हुदहुद चक्रीवादळाची सूचना सगळ्यांना होती. हवामान खात्याने काही दिवस आधीपासून त्याचा मार्ग सांगितला होता आणि रविवारी दुपारच्या सुमारास ते विशाखापट्टणमच्या आसपास किनारा ओलांडेल, हा अंदाजही दिला होता. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून लोकांना हलवणे चालू होते. सोमवारी एका कारखान्याच्या समुद्रजल-पंपाची चाचणी ठरलेली होती आणि बुधवारी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान असल्यामुळे मला मंगळवारी परतायचे होते. वादळ रविवारी येऊन जाईल आणि सोमवारी काम सुरू होईल, असे आमच्या कार्यालयाने आणि ग्राहकानेही गृहीत धरले होते.

हॉटेलच्या ड्युटी मॅनेजरांनी मात्र काहीही गृहीत धरले नव्हते. पन्नाशीच्या आतबाहेरचे, कमी बोलणारे गृहस्थ होते ते. समुद्राकडची खोली माझ्या नावाने राखून ठेवलेली असतानाही त्यांनी मला रस्त्यामागच्या बाजूची खोली दिली आणि सांगितले, "मॅडम, आजचा दिवस समुद्र लॉबीतून पाहा." रात्रीपर्यंत समुद्राकडच्या सगळ्या खोल्या रिकाम्या करून त्यांचे पडदे ओढले गेले होते. प्रत्येक रिकाम्या खोलीचा दरवाजा बंद करून खालच्या फटीत टॉवेलच्या घड्या ठासल्या होत्या. माझा व्यवसाय दाबाचा असल्यामुळे त्यामागचा विचार मला लगेच कळला. एक काच फुटली की वारा आत शिरतो आणि मग तो आतून दरवाजे, छत व समोरच्या बाजूच्या काचा बाहेर ढकलू लागतो. प्रत्येक खोली वेगळी बंद ठेवली तर नुकसान त्या खोलीपुरते राहते. बाथरूममधल्या बादल्या आणि टब पाण्याने भरून ठेवले होते. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यांत पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, केला जात होता, कारण तो दुसऱ्या दिवशीही विटत नाही.

रविवारी पहाटेपासून वारा उत्तर-ईशान्येकडून, म्हणजे किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहत होता. हॉटेलची इमारत लांबट होती आणि तिच्या दोन टोकांना दोन जिने होते, एक ईशान्येकडे व एक नैर्ऋत्येकडे. सकाळी ईशान्येच्या जिन्याच्या काचा गेल्या. त्याआधीच मॅनेजरांनी आम्हा सगळ्यांना दुसऱ्या टोकाच्या पहिल्या मजल्यावरच्या मार्गिकेत आणून बसवले होते. तिथे एक बंगाली कुटुंब होते, औषध कंपन्यांचे काही प्रतिनिधी होते आणि लग्नाच्या बोलणीसाठी श्रीकाकुलमहून आलेली मंडळीही होती. काहींनी प्रशस्त बँक्वेट हॉलमध्ये बसू देण्याचा आग्रह धरला. मॅनेजरांनी हॉलचे दार उघडून वर बोट दाखवले. तिथले फॉल्स सीलिंग आत्ताच फुग्यासारखे खालीवर होत होते. त्यानंतर कोणी आग्रह धरला नाही.

दहाच्या पुढे जे झाले त्याचे वर्णन करताना माझी लेखणी तोकडी पडते. हवामान खात्याने नंतर वाऱ्याचा वेग ताशी १७० ते १८० किलोमीटर असल्याचे नोंदवले. मार्गिकेत आम्हाला वारा दिसत नव्हता, पण कानांना दडे बसत होते, कारण हवेचा दाब झपाट्याने उतरत होता. आवाज एकसारखा होता, मोठ्या ब्लोअरच्या तोंडाशी उभे राहिल्यावर येतो तसा, आणि त्यात मधूनमधून पत्रा फाटल्याचा, काच फुटल्याचा, काहीतरी अवजड रस्त्यावरून घसरत गेल्याचा आवाज मिसळत होता. मोबाइलची सेवा केव्हाच बंद पडली होती. जनरेटर मॅनेजरांनी स्वतः बंद करवला. डिझेल रात्रीसाठी राखून ठेवायचे होते आणि तारांमध्ये पाणी शिरले तर आग लागण्याचा धोका होता.

दुपारी वारा पडला. काही मिनिटांतच तो इतका मंदावला की पावसाचे थेंब सरळ खाली पडताना दिसले आणि आकाश उजळले. मार्गिकेत सुटकेचा नि:श्वास ऐकू आला. बंगाली गृहस्थ कॅमेरा घेऊन उठले, प्रतिनिधींपैकी दोघांना आपली गाडी पाहून यायची होती, आणि श्रीकाकुलमच्या आजी देवाचे नाव घेत जिन्याकडे निघाल्या. मॅनेजर जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "गाली तिरुगुतुंदि." मग आमच्यासाठी हिंदीत सांगितले की वादळाचा डोळा आपल्या डोक्यावर आहे, वारा थांबलेला नाही, तो फिरणार आहे, आणि आता तो दुसऱ्या बाजूने येईल.

त्यानंतरचा वेळ त्यांनी ज्या प्रकारे वापरला, तो मी माझ्या कामातल्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा मोलाचा मानते. आपल्या उत्तर गोलार्धातल्या चक्रीवादळात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ आग्नेयेकडून आले तर आधी ईशान्येचा वारा लागतो आणि केंद्र डोक्यावरून गेल्यावर तो नैर्ऋत्येचा होतो. हे पुस्तकात मी वाचले होते. पण त्या इमारतीत त्याचा अर्थ असा होता की सकाळी सर्वांत सुरक्षित असलेले टोक आता सर्वांत धोक्याचे ठरणार होते. मॅनेजरांनी कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने म्हातारी माणसे, मुले आणि गाद्या इमारतीच्या मध्यभागी असलेल्या लिनन रूममध्ये व तिच्या बाहेरच्या अरुंद बोळात हलवल्या. त्या भागाला बाहेरची एकही भिंत नव्हती आणि वर काँक्रीटचा स्लॅब होता. दुसऱ्या तुकडीने ईशान्येच्या जिन्यातल्या काचा झाडून काढल्या, कारण पुढच्या काही तासांत बाहेर पडायची वेळ आलीच तर तोच जिना वापरायचा होता. ज्या बाजूचा वारा अजून यायचा होता त्या बाजूच्या दरवाजांमागे कपाटे सरकवली. मीही हात लावला. हाउसकीपिंगच्या एक बाई गाद्यांचे दुसरे टोक धरून माझ्यासोबत पळत होत्या. त्यांचे घर मच्छीमार वस्तीत होते आणि घरच्यांची काहीही खबर नव्हती, तरी त्यांनी आधी त्या आजींना भिंतीलगतची जागा करून दिली.

काम संपत आले तेव्हा मी मॅनेजरांना विचारले की हे सारे त्यांना कोणी शिकवले. ते कृष्णा जिल्ह्यातल्या दिविसीमेचे होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये त्या भागावर आलेल्या चक्रीवादळात आणि समुद्राच्या भरतीच्या लोंढ्यात हजारो माणसे गेली. तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. त्यांनी एवढेच सांगितले आणि छतावरचा दरवाजा पुन्हा तपासायला ते वर गेले.

वारा आला तो खरोखरच विरुद्ध दिशेने. ज्या मार्गिकेत आम्ही सकाळभर बसलो होतो तिच्या टोकाची खिडकी चौकटीसह आत येऊन पडली आणि आमच्या सोडलेल्या खुर्च्या बोळाच्या तोंडापर्यंत फरफटत आल्या. समुद्राकडच्या दर्शनी काचांचा मोठा भाग याच फेरीत गेला. पण बंद खोल्यांचे दरवाजे बहुतेक टिकले. संध्याकाळपर्यंत कोणालाही किरकोळ कापण्यापलीकडे इजा झाली नव्हती. रात्री मेणबत्तीच्या उजेडात पुलिहोरा वाढला गेला. त्या भाताची चव मी कोणत्याही तारांकित हॉटेलच्या जेवणाशी बदलणार नाही.

सोमवारी सकाळी बाहेर पाऊल टाकले तेव्हा शहर ओळखू येत नव्हते. रस्त्यांवर झाडे मुळांसकट आडवी होती. जी उभी होती त्यांना पानच उरले नव्हते, आणि काल हिरवी असलेली कैलासगिरीची टेकडी करपल्यासारखी तपकिरी झाली होती. विजेचे खांब वाकले होते. विमानतळाच्या छपराची वाताहत झाल्याने विमाने बंद होती. पाणी, दूध आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. हाउसकीपिंगच्या त्या बाईंचा मुलगा सकाळी पायी हॉटेलवर आला. घराचे छप्पर गेले होते, माणसे सुखरूप होती. ते कळल्यावर बाई पहिल्यांदा खाली बसल्या.

ग्राहकाचे अभियंते दुपारी मोटारसायकलवरून, पडलेल्या झाडांमधून वाट काढत मला घ्यायला आले. चाचणीचा प्रश्नच उरला नव्हता. पंपहाऊसमध्ये पाणी शिरून मोटरी भिजल्या होत्या आणि यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याशिवाय कारखाना सुरू होणार नव्हता. आम्ही मोटरी उघडल्या, खाऱ्या पाण्याचा अंश जावा म्हणून गोड्या पाण्याने वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची वेटोळी, धुतले, छोट्या जनरेटरवर हॅलोजनचे दिवे लावून ते सुकवले आणि दर काही तासांनी मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशनचा, म्हणजे तारांवरच्या वीजरोधक आवरणाचा, रोध मोजत राहिलो. रीडिंग समाधानकारक येईपर्यंत वीज जोडायची नाही, हा नियम घाईच्या वेळी पाळणे सर्वांत कठीण असते. तिथल्या अभियंत्यांनी तो काटेकोरपणे पाळला. मतदानाला मी पोहोचू शकले नाही. पंप चालू झाल्यावर रस्त्याने राजमहेंद्री आणि तिथून रेल्वेने हैदराबादमार्गे घरी आले.

तेव्हापासून किनाऱ्यावरच्या कोणत्याही शहरात खोली घेताना मी काही गोष्टी आवर्जून विचारते: आतला जिना कुठे आहे, जनरेटर कोणत्या मजल्यावर आहे, भिंतभर काचेच्या मागे काय आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईत तळघरांत ठेवलेले जनरेटर ऐन गरजेच्या वेळी पाण्याखाली गेले, ही बाब किनाऱ्यावर इमारत बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. त्यानंतर कामासाठी रायगडात गेले तेव्हा नव्या रिसॉर्टच्या काचेच्या भिंती आणि वाडीतल्या पोफळी एकत्रच भुईसपाट झालेल्या पाहिल्या. कोकणाला चक्रीवादळ येत नाही, असे समजून आपण ज्या इमारती बांधल्या त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

विशाखापट्टणमच्या त्या हॉटेलात मी पुढेही उतरत राहिले. समुद्राकडच्या दर्शनी भागाला आता लहान तावदाने आहेत. लिनन रूममध्ये, चादरींच्या मांडणीमागे, प्लायवुडचे कापलेले तक्ते उभे करून ठेवले आहेत आणि प्रत्येकावर ऑइल पेंटने खिडकीचा नंबर लिहिला आहे. मॅनेजर नोकरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाने पहिल्याच भेटीत मला ते तक्ते दाखवले आणि दर वर्षी ऑक्टोबरच्या आधी ते एकदा खिडक्यांना लावून पाहिले जातात, असे सांगितले.