धूसर फोटो आधी वाचा, मग लेन्सला बोल लावा

मुलांच्या खेळाचे फोटो काढायला टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स घेतली की पहिल्या एक-दोन सामन्यांचे बरेचसे फोटो वाया जातात आणि खापर लेन्सवर फुटतं. लगेच त्याहून महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. त्याआधी वाया गेलेले फोटो डिलीट न करता कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठे करून बघा. धूसरपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा असतो. कॅमेऱ्यामागच्या छोट्या स्क्रीनवर ते सगळे सारखेच दिसतात, म्हणून मैदानावर उभं राहून निदान करायला जाऊ नका.

गवत, चुन्याच्या रेषा, मागचं कुंपण असं सगळं स्पष्ट आणि फक्त पळणाऱ्या मुलीचे हातपाय पुसट दिसत असतील, तर शटर स्पीड कमी पडलाय, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहिलंय. हिशोब सोपा आहे. जोरात धावणारं आठ-दहा वर्षांचं मूल सेकंदाला ५ मीटर जातं असं धरा. १/५०० सेकंदात ते १ सेंटिमीटर सरकतं. २०० मिमी लेन्सने २० मीटरवरून टिपलं, तर हा १ सेंटिमीटर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६×२४ मिमी) सेन्सरवर सोळा-सतरा पिक्सेल रुंद फराटा होतो. १/१००० ला तो निम्मा होतो. हे झालं धडाचं. पुढे येणारा पाय, चेंडू मारणारा हात यांचा वेग धडापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून धावण्यासाठी १/१००० ही खालची मर्यादा धरा, चेंडूवर लाथ किंवा उडी असेल तर १/१६०० आणि बॅट फिरत असेल तर १/२०००. मूल सरळ कॅमेऱ्याकडे येत असेल तर थोडं कमी चालतं, आडवं जात असेल तर चालत नाही. उडीच्या सर्वोच्च बिंदूला शरीर क्षणभर वर जायचं थांबलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी प्रकाश कमी असताना १/५०० वरही तो क्षण मिळून जातो.

मैदानासकट सगळी फ्रेम एकाच दिशेने पुसल्यासारखी दिसली तर कॅमेरा हललाय. १/१००० ला हे फारसं होत नाही. झालंच तर बटण हिसका देऊन दाबलं गेलंय किंवा लेन्स नीट धरलेली नाही. डावा तळहात लेन्सखाली, झूम रिंगच्या आसपास, आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली अशी पकड ठेवा. दीड किलोची लेन्स तासभर धरून हात भरून येतात, त्यासाठी मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या. तो कॅमेऱ्याला लावू नका, लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावा, नाहीतर सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर येतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थोपवतं; मुलाचं पळणं थोपवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. या एका गैरसमजापायी कितीतरी लोक १/२५० वर फोटो काढत राहतात.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: फोटोत काहीतरी स्पष्ट आहे, पण ते मूल नाही. मागचा गोलपोस्ट, पंच किंवा बाजूने गेलेलं दुसरंच पोर. हा फोकसचा घोटाळा, आणि शिकायला खरा वेळ इथेच लागतो.

२०० मिमी, एफ २.८ अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं ते मोठं) आणि १० मीटर अंतर असेल तर फुल फ्रेमवर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा असतो. मूल तुमच्या दिशेने धावत असेल तर तो पट्टा ते सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ओलांडून जातं. एकदा फोकस धरून थांबणारा सिंगल मोड इथे कामाचा नाही. एएफ-सी, सर्व्हो, तुमच्या कॅमेऱ्यात जे नाव असेल तो सतत पाठलाग करणारा मोड लावा. फोकस एरिया पूर्ण फ्रेमभर ठेवू नका. मधला एक बिंदू आणि त्याच्या शेजारचे मदतनीस बिंदू, किंवा छोटा झोन, एवढं पुरे. तो छातीवर धरा, कारण जर्सीवरचा नंबर आणि पट्टे ऑटोफोकसला पकडायला सोपे जातात. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतलं डोळे ओळखणारं फोकस एकट्या धावपटूसाठी झकास आहे. पण लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये चेंडूभोवती दहा जणांचा घोळका असतो, आणि कॅमेरा त्यातला जो चेहरा समोर दिसेल तो धरतो. हवा असलेला मुलगा पाठमोरा असेल तर तो गेलाच.

कुणी मध्ये आडवं आलं की फोकस त्याच्यावर उडी मारतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ट्रॅकिंगची संवेदनशीलता ठरवता येते. ती कमी केली की कॅमेरा जुन्या लक्ष्याला थोडा वेळ चिकटून राहतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे बॅक बटण फोकस. शटर बटणावरून फोकसचं काम काढून घ्या आणि अंगठ्याखालच्या एएफ-ऑन बटणाला द्या. अंगठा दाबलेला असेपर्यंत पाठलाग चालू. पंच आडवे आले की अंगठा उचला, गेले की पुन्हा दाबा. सुरुवातीला बोटं गोंधळतात. रस्त्यावरच्या सायकली आणि धावणारी कुत्री यांच्यावर सराव करा, सामन्याच्या दिवशी सेटिंग बदलू नका.

लेन्सवर अंतर मर्यादित करणारा स्विच असेल तर तो ‘फुल’वरून हलवून दूरच्या पट्ट्यावर ठेवा, म्हणजे फोकस चुकला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवणार नाही. शटर दाबायच्या आधी निदान अर्धा सेकंद पाठलाग सुरू झालेला असू द्या. बर्स्टमधली (बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंतली) पहिली फ्रेम बहुतेकदा मऊ निघते ती याच घाईमुळे. आणि स्थिर वस्तूवरही फोकस कायम एकाच बाजूला, पुढे किंवा मागे, सरकत असेल तर दोष तुमचा नाही. डीएसएलआरमध्ये त्यासाठी फाइन ट्यूनची (फोकस थोडा सरकवून जुळवण्याची) सोय असते, ट्रायपॉडवर तपासून दुरुस्त करा.

चौथा प्रकार भल्याभल्यांना चकवतो. फ्रेममध्ये काहीच धारदार नाही, कडा पाण्यात बघितल्यासारख्या लहरतात आणि एकाच बर्स्टमधली प्रत्येक फ्रेम वेगळ्या तऱ्हेने बिघडलेली. ही तापलेल्या जमिनीवरच्या हवेची करामत. शटर कितीही वाढवा, लेन्स कितीही भारी आणा, फरक पडत नाही. मधली हवा कमी करणं हाच उपाय, म्हणजे जवळ जा किंवा सकाळी लवकर या. याच गटात स्वस्त यूव्ही फिल्टर येतो. लांब लेन्सवर तो नजरेत येईल इतकी धार घालवतो. काढून टाका आणि हुड लावा. आडवा प्रकाशही अडतो, चुकून आलेल्या चेंडूचा पहिला फटकाही तोच खातो.

एक्स्पोजरसाठी माझी पसंती मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो). शटर १/१२५०, अ‍ॅपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं, बाकी आयएसओवर सोडायचं. ७०-३०० मिमी सारख्या लेन्सवर लांबच्या टोकाला एफ ५.६ मिळतं. लख्ख उन्हात त्याला आयएसओ २०० पुरतो, दाट ढगात १६०० लागतो, सूर्य कलल्यावर ६४०० पर्यंत जातो. एफ २.८ ची लेन्स तिथे १६०० वर भागवते. जास्तीचे पैसे आणि वजन मोजायचं ते या दोन स्टॉपसाठी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). उन्हात खेळणाऱ्या मुलांसाठी ती गरजेची नाही असं माझं मत. नॉइज (जास्त आयएसओमुळे दिसणारे दाणे) नंतर कमी करता येतो, फराटा नाही. टोपीखालचे चेहरे दुपारी काळे पडतात, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ द्या, म्हणजे फोटो उजळ येतो. मागे गर्द झाडी आणि अंगात पांढरी जर्सी असेल तर उलट −०.७.

लांबी किती हवी? १.२ मीटर उंचीचं मूल २०० मिमीने २० मीटरवरून आडव्या फुल फ्रेमची निम्मी उंची व्यापतं. १.५ पट क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर तीन चतुर्थांश. ३०० मिमीला हेच ३० मीटरवर होतं. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग तेवढे मीटर, त्यापलीकडचा खेळ सोडून द्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे फोटो काढत बसण्यात कार्ड भरतं, बाकी काही नाही. लहान मुलांची मैदानं छोटी असतात, त्यामुळे क्रॉप सेन्सरवर २०० मिमी बऱ्याचदा पुरते.

जागा निवडताना आधी मागे काय आहे ते बघा, मग ऊन. उभ्या गाड्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेसमोरचा उत्तम गोलसुद्धा बघवत नाही. फुटबॉलमध्ये गोलरेषेबाहेर, कॉर्नरच्या बाजूला बसा, म्हणजे हल्ला तुमच्याकडे येतो आणि चेहरे दिसतात. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याची छाती ऑफ साइडला असते, म्हणून पॉइंट ते कव्हरच्या पट्ट्यात, सीमारेषेच्या बाहेर. शर्यतीत अंतिम रेषेच्या पलीकडे थोडं बाजूला थांबा आणि रेषा ओलांडल्यावरही बटण सोडू नका. खरे भाव तिथून पुढे सुरू होतात. आणि बसा. उभ्या मोठ्या माणसाच्या उंचीवरून मुलांचे नुसते टाळू आणि गवत येतं. लेन्स त्यांच्या छातीच्या उंचीला आणली की मागचं दृश्य लांब जातं आणि छान विरघळतं. छोटा घडीचा स्टूल गुडघे वाचवतो.

३०० मिमीच्या टोकाला मूल शोधणं हा वेगळाच वैताग. आधी झूम मागे घेऊन शोधा, मग जवळ या, आणि दुसरा डोळा उघडा ठेवा. चेंडू कुठून येतोय तेही कळतं. फ्रेम जरा सैल ठेवा. घोट्यात किंवा मनगटात कापलेला फोटो क्रॉप करून जुळत नाही.

बर्स्ट तीन ते पाच फ्रेमचा पुरे. २४ मेगापिक्सेलची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५-३० एमबीची असते. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे तेवढ्या वेळात अडीचशे एमबीच्या वर, आणि साधं कार्ड याच्या निम्म्या वेगानेही लिहीत नाही. बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरला की कॅमेरा अडून बसतो, आणि नेमका तेव्हाच गोल होतो. सगळ्या सामन्याला जेपीईजी लावली तरी काही बिघडत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र जपून वापरा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे बऱ्याच कॅमेऱ्यांत फिरती बॅट वाकडी आणि चेंडू अंडाकृती येतो.

फोटो कुणाला देण्याआधी दुसऱ्यांच्या मुलांचा विचार करा. आयोजकांना आणि पालकांना आधी विचारा. कुणी नको म्हटलं तर ती फ्रेम काढून टाका, वाद घालू नका. ऑनलाइन टाकताना मुलांची नावं लिहू नका, जर्सीवर शाळेचं नाव आणि खेळाडूचं नाव एकत्र वाचता येत असेल तर दुसरी फ्रेम निवडा, आणि एक्स्पोर्ट करताना लोकेशनची माहिती काढून टाकणारा पर्याय चालू ठेवा.