काकू, तुम्ही दोन नंबरला

येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला सांगलीतून अकरा मोटारसायकली कोकणात निघणार आहेत. त्यातल्या दहा गाड्यांच्या वयांची बेरीज केली तर जेमतेम माझ्या एका गाडीएवढी भरेल. माझी येझदी 1979 ची. माझी म्हणजे अण्णांची.

अण्णा साखर कारखान्यात शेतकी खात्यात ओव्हरसीअर होते. उसाच्या फडावरून संध्याकाळी परतताना कोपऱ्यावरच गाडीचा आवाज यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. दहावीच्या सुट्टीत मी हट्टच धरला. लुना चालवणारी मुलगी तेव्हा लोकांना चालायची, मोटारसायकलवाली नाही. आत्याने तर माझ्या लग्नाची काळजी तिथल्या तिथे बोलून दाखवली. अण्णांनी तिला चहा दिला आणि मला मागच्या मैदानात नेलं. येझदीला किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची, इंजिन धरलं की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा, झाला गिअर. हे जमायला मला आठवडा लागला, पिंढरीवरचा काळानिळा डाग महिनाभर राहिला.

दुसरा धडा उताराचा. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाक इंजिन फिरवत राहतं, पण आत पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. म्हणून अण्णा म्हणायचे, उतार कितीही असो, मधूनमधून थोडी रेस द्यायची.

हे मी 2009 मध्ये आंबा घाटात विसरले. बुलेटवाल्या भावाच्या मागे निवांत, मूठ सोडून उतरत होते. एका वळणाआधी गाडी कण्हली आणि मागचं चाक जागेवर धरलं. वंगणाविना पिस्टन सिलिंडरमध्ये पकडला होता. क्लच दाबला म्हणून वाचले. गाडी मात्र अर्ध्या रस्त्यापर्यंत तिरकी गेली होती. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. भाऊ अजून सांगत फिरतो की हिने ब्रेक दाबला. नव्हता दाबला.

आता पुन्हा घाटच आहे. पहिल्या दिवशी सातारा, वाई, महाबळेश्वर, मग आंबेनळी उतरून पोलादपूर आणि महाडवरून श्रीवर्धन. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि आमच्यासारखीच पोलादपूर, महाड करत खाली येते. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला तिच्याच खाडीवर जंगलजेट्टीत, म्हणजे वाहनं नेणाऱ्या बोटीत, गाड्या चढवून वेश्वीला उतरायचं. पुढे तशीच दाभोळ-धोपावेला वाशिष्ठी नदी, तवसाळ-जयगडला शास्त्री ओलांडायची. मग रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, रेडी आणि आंबोलीवरून घरी. सहा दिवस.

तयारी म्हणजे काय, तर दिवाळीनंतरचे तीन रविवार मी परसात बसून काढलेत. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि दोन्ही कार्बनने चोंदलेले. आतल्या जाळीच्या नळ्या ओढून काढल्या तर हाताला डांबरासारखी चिकट काजळी. नारळाच्या झावळ्या पेटवून त्यात टाकल्या. आधी नुसता निळसर धूर, मग भोकाभोकांतून तेल पेटून बारीक ज्योती आल्या. गार झाल्यावर काठीने ठोकलं तर करपलेल्या पापडासारखे तुकडे गळून पडले. शेजारच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी त्यांच्याकडे चकल्या पोचवल्या, मिटलं.

प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून त्यांच्यातला गॅप 0.4 मिलिमीटरवर लावला. नवीन क्लच केबल सामानात नेण्याऐवजी जुन्या केबलला लागूनच टाकीखालून ओढून टेपने बांधून ठेवली आहे. तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. हीसुद्धा अण्णांचीच युक्ती. दोन प्लग, पॉलिश पेपर, ट्यूब, चेनची कडी आणि ऑइल मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण. ते 10 मिलीचं आहे, मी लिटरला चार झाकणं टाकते.

येझदीचा मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, त्यामुळे सुटे भाग म्हणजे शोधमोहीमच. मुलगा म्हणतो, "आई, 2022 पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या मिळतात, एक घेऊन टाक." फिरवून बघितली. चांगली आहे. पण ती फोर-स्ट्रोक, वर तिला रेडिएटर, आणि किक नाही. नाव तेवढं ओळखीचं.

ग्रुपचा म्होरक्या माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. मीटिंगमध्ये त्याने वहीत क्रम लिहिला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही दोन नंबरला. लगेच माझ्या मागे." मला राग आला. म्हातारी म्हणून बोट धरून चालवतोय की काय? मी म्हटलं, मी शेवटी राहते, बुलेटचा धूर खाल्लाय पूर्वी. तो हसला. "काकू, धूर तुमच्या गाडीचा आहे. आणि सगळ्यात हळू गाडी मागे ठेवली की पुढचे पळतात, मागची एकटी पडते. दोन नंबरला ठेवली की मला आरशात दिसते, सगळ्यांचा वेग तिच्यावर ठरतो." म्हणजे दहा नव्या गाड्यांचा वेग माझ्या गाडीवर ठरणार! हे आधी सांगायचं ना लेका.

एक मात्र मी अडवून धरलं. घाटात माझ्या मागच्याने अंतर जास्त ठेवायचं. मी उतारावर रेस देते तेव्हा गाडी मध्येच पुढे सरकते, पुन्हा मागे पडते. चिकटून येणाऱ्याला ते कळत नाही. त्याने तेही लिहून घेतलं.

काल तो सगळ्यांच्या गाड्या तपासत आमच्याकडे आला. टायर दाबून बघितले, दिवा लावून बघितला. सहा व्होल्टचा तो दिवा बघून काही बोलला नाही, ही त्याची सभ्यता. मग म्हणाला, एक चक्कर मारू का? तिसऱ्या किकला गाडी धरली. तो ऐटीत बसला, क्लच दाबला आणि डाव्या पायाने चाचपडायला लागला. पुढे, मागे, मग वाकून बघितलं.

"काकू, गिअर कुठाय?"

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले होते. तिथूनच ओरडले, "आत्ता लाथ कोणत्या दांड्याला मारलीस?"




शनिवारपर्यंत ऑइलचा एक लिटरचा डबा तेवढा आणायचा राहिलाय.