दहा सेकंद आणि पंधरा मिनिटं

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. वर्षभरात हजाराच्या थोडं वर पडणाऱ्या शहरात एका रात्रीत एवढा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं. पाणी तपासायला मला बोलावणं आलं ते २७ तारखेला, बुधवारी. पाणी उतरून चार दिवस झाले होते. नदीच्या खालच्या अंगाची चार मजली इमारत, सोळा घरं, पार्किंगच्या भिंतीवर कंबरेच्या वर गाळाची रेघ. पाच घरांत जुलाब सुरू होते, त्यातली तीन लहान मुलं.

सचिव काकांनी रजिस्टर पुढे केलं. खालच्या टाकीत रोज सकाळी ब्लीचिंग पावडर, रोज ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरला ते रंगावरून सांगणारी), रोज नोंद ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. "भाऊ, ओटी तर रोज पिवळी येऊन राहिली. मंग पोट्टे काहून बिमार पडून राहिले?"

मी त्यांनाच टेस्ट करायला सांगितली आणि बाजूला उभा राहिलो. त्यांनी तळमजल्याच्या नळाचं पाणी नळीत खुणेपर्यंत भरलं, थेंब टाकले, नळी खिडकीत ठेवली आणि मला चहा दिला. चहा झाल्यावर नळी उचलली. पिवळी, ०.५ च्या पट्टीशी जुळणारी.

घोळ या चहात होता. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. ते मोकळ्या क्लोरीनशी लगेच रंग धरतं, म्हणून मोकळा क्लोरीन पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांनी जो रंग दिसतो तो मोकळा आणि बांधलेला, दोन्ही मिळून. बांधलेला म्हणजे अमोनियाशी जुळून क्लोरामाइन झालेला. जंतू तोही मारतो, पण फार सावकाश. टाकीतून नळापर्यंत येण्याच्या वेळात त्याच्यावर भरवसा नाही. मी दुसरी नळी भरली, थेंब टाकले आणि घड्याळाचा काटा मोजला. दहा सेकंदांनी पाणी बिनरंगी. चौदा-पंधरा मिनिटांनी पिवळं.

एवढ्यावरून दोन गोष्टी कळल्या. पाण्यात मोकळा क्लोरीन शून्य होता, आणि अमोनिया होता. पिण्याच्या पाण्यात अमोनिया बहुतेक वेळा गटारातूनच येतो. पुराच्या दिवशी शिरलेली घाण असती तर चार दिवसांच्या वापरात ती धुऊन गेली असती. ही रोज येत होती.

(ओटीचं रसायन विषारी आहे. नळीतलं पाणी चाखू नये, मुलांच्या हाती देऊ नये. डीपीडीच्या गोळ्या मिळत असतील तर त्या बऱ्या. पहिल्या गोळीचा गुलाबी रंग फक्त मोकळा क्लोरीन दाखवतो.)

पावडरही तपासायची होती. पोतं पंपाच्या खोलीत, पत्र्याखाली, तोंड उघडं, उन्हाळ्यापूर्वी आणलेलं. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ऊन आणि दमट हवा तो उडवतात, आणि नागपूरचा मे पत्र्याखाली काय करतो ते वेगळं सांगायला नको. पावडर किती टाकायची ते ठरवणारी हॉरॉक्सची पेटी काढली. काळ्या कपात २ ग्रॅमची एक सपाट चमची, त्याचं द्रावण, मग सहा पांढऱ्या कपांत पाणी घेऊन पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्ध्या तासाने निर्देशकाचे तीन-तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळं येतं, तितक्या चमच्या ४५५ लिटरला. टाकीच्या पाण्यात सहाही कप कोरे. बाहेरून आणलेल्या स्वच्छ पाण्यात तिसरा कप निळा झाला. ताजी पावडर असती तर पहिलाच व्हायला हवा होता. म्हणजे पावडर निम्म्याहून खाली उतरलेली, आणि पाणी क्लोरीन खाणारं. अमोनियाच्या एका ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण आठ-दहा ग्रॅम क्लोरीन जातो, तेव्हा कुठे मोकळा क्लोरीन शिल्लक राहू लागतो. इथे मूठभर पावडर टाकली जात होती. तीही अंदाजे.

मग घाण येते कुठून? टाकी ४ मीटर लांब, अडीच रुंद, २ खोल. म्हणजे २०,००० लिटर. पंप बंद केला, बाहेरून येणारा व्हॉल्व्ह बंद केला, भिंतीवर खडूने रेघ मारली. सकाळचे आठ, आंघोळी-भांड्यांची वेळ. तासाभरात पाणी रेघेच्या ४ सेंटिमीटर वर. दहा चौरस मीटरवर ४ सेंटिमीटर म्हणजे ४०० लिटर, आणि सगळे व्हॉल्व्ह बंद. टॉर्च मारली तर वरच्या कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागलेली. हा पाइप पार्किंगच्या चेंबरमध्ये सोडलेला होता. त्याला झडप होती, पाणी बाहेर जाऊ देईल, आत येऊ देणार नाही अशी. पण झडपेत दुधाची पिशवी अडकली होती, आणि चेंबरची पुढची लाइन पुराच्या गाळाने चोंदल्यामुळे पाणी पाइपाच्या वर उभं होतं. खात्रीसाठी चेंबरमध्ये लाल रंगाची पुडी टाकली. वीस मिनिटांत धार लाल.

झडप दुरुस्त करा, असं काकांचं म्हणणं पडलं. मी नको म्हटलं. गाळाच्या पाण्यातली झडप आज ना उद्या उघडी अडकतेच. जमिनीतल्या टाकीचा ओव्हरफ्लो गटाराला जोडायचाच नसतो. पाइप दोन्ही तोंडांनी सिमेंटने बंद केला. टाकी भरून वाहू नये म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह आणि पातळीचा सेन्सर. टाकीचं तोंड फरशीला सपाट होतं, ते पुराच्या रेघेच्या एक फूट वर विटांनी बांधून काढायला सांगितलं. पार्किंगमध्ये एक गाडी कमी उभी राहील, यावर बरीच कुरकुर झाली.

पुढचं काम ठरलेलं, पण क्रम चुकला की वाया जातं. आधी वीज: बुडालेल्या मोटरचं वाइंडिंग मेगरने (विजेची गळती दाखवणाऱ्या यंत्राने) तपासल्याशिवाय स्टार्टरला हात नाही. मग उपसा. टाकीत माणूस उतरायच्या आधी दोन्ही झाकणं उघडी, ब्लोअर तासभर, कमरेला दोर, वर दोन माणसं. गटाराचं पाणी साचलेल्या टाकीत वायू असू शकतो, आणि वास येत नाही म्हणून तो नाही असं नसतं. गाळ पूर्ण काढायचा, भिंती वरून खाली घासायच्या. गाळावर क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे नाल्यात.

मग ५० मिलिग्रॅम प्रति लिटरचा डोस. २०,००० लिटरला १ किलो शुद्ध क्लोरीन, म्हणजे नव्या, सीलबंद ३३ टक्क्यांच्या पोत्यातली ३ किलो पावडर. २० लिटरच्या तीन बादल्यांत किलो-किलो: आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादली भरायची, अर्धा तास निवळू द्यायचं, वरचं पाणी तेवढं टाकीत. खालचा चुना टाकला की व्हॉल्व्ह आणि फिल्टर चोंदतात. टाकी भरून तेच पाणी वर चढवलं. प्रत्येक घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडला आणि बंद केला. चोवीस तास तसंच. त्या दिवशी उकळलेलं पाणी, खळखळून उकळी आल्यावरचं. विकतच्या जारचीही ओटी केली. दोनांपैकी एकात काहीच नव्हतं.

तळमजल्यावरच्या काकूंकडे दुसराच प्रश्न होता. पूर आला त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, घरात वर्षाचा गहू भरलेला, दोन क्विंटल. कोठी बाहेरून कोरडी दिसत होती. त्या म्हणाल्या, उन्हात घालते, वरचा तर चांगलाच आहे. मी कोपरापर्यंत हात आत घालायला सांगितलं. आत कोमट लागलं. ओला दाणा श्वास घेतो, तापतो, मग बुरशी चढते. आणि नाल्याच्या पाण्यात भिजलेलं धान्य नुसतं ओलं नसतं, वाळवून ते खाण्याजोगं होत नाही. गुरांनाही घालू नका म्हटलं. कापडाने तोंड बांधलेली लोणच्याची बरणी गेली, फिरकीच्या झाकणाचे डबे गेले, कारण आट्यांत पाणी शिरतं. कारखान्यात सील केलेले, न चेपलेले पत्र्याचे डबे तेवढे धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवले. काकू गहू बाहेर काढताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

शनिवारी, ३० तारखेला, टाकी रिकामी करून पुन्हा भरली. रोजचा डोस: १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ५० ग्रॅम, तराजूवर मोजून, तासाभराने मोकळा क्लोरीन ०.५, आणि शेवटच्या नळाला ०.२ च्या खाली नको. पावडर आता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जिन्याखाली सावलीत. तिसऱ्या मजल्याच्या नळाला दहा सेकंदांत पिवळं आलं, ०.४. पंधरा मिनिटांनी रंग जवळपास तेवढाच. त्याच नळाचं पाणी हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत (विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं) भरून ठेवलं होतं. ते अठ्ठेचाळीस तासांनीही काळं पडलं नाही.

काकांनी रजिस्टरमध्ये पट्टीने एक नवी रेघ मारून रकाना पाडला. वर लिहिलं: किती सेकंदांनी पाहिलं.