बोहारणीने परत केलेले कपडे

बोहारणीने आज गाठोड्यातले जवळजवळ निम्मे कपडे परत केले, आणि दुपारपासून ते मला लागून राहिले आहे. ह्यांचे जुने सुती शर्ट, माझी विटलेली वॉयलची साडी, एवढेच काय, फाटका अभ्रासुद्धा तिने बोटांत चोळून ठेवून घेतला. धाकटीच्या कुर्त्या आणि लेगिंग्ज मात्र हात लावताच माझ्याकडे सरकवल्या. "बाईजी, ये पानी नहीं पीता," एवढेच म्हणाली; म्हणजे हे कापड पाणी टिपत नाही, पुसायच्या कामाचे नाही. त्यांतल्या एका कुर्तीचे लेबलही अजून निघालेले नव्हते.

स्टीलचा डबा हुकला याचे वाईट वाटलेले नाही. जे मी धुऊन, घड्या घालून दाराशी नेले ते कोणालाच नको आहे, हे लागले. खरेदी सगळ्यांची आणि निरवानिरव माझ्या एकटीची, हेही त्यात आलेच. पण ते असो.

कापड बोटांत चोळून पाहण्याची ती सवय मामांचीही होती. त्यांचे सारे आयुष्य इथे इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये गेले. मिल 1991 साली बंद पडली आणि कामगारांची थकबाकी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मामा तोवर कुठले राहायला!

जुना कपडा कोणाच्या तरी उपयोगी पडतो, या भरवशावर आपण निर्धास्त असतो. साडीची गोधडी होते, गोधडीचे पायपुसणे होते. टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांपासून पानिपतला पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे होतात. परंतु सूत, पॉलिएस्टर आणि ताणले जाणारे इलॅस्टेन एकाच कापडात मिसळलेले असले, की ते वेगळे करणे फार अवघड जाते. पॉलिएस्टर तर मुळात खनिज तेलापासूनचे. दर धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटून मोरीत जातात, आणि आपल्या शहराचे पाणी शेवटी कान्ह नदीतून क्षिप्रेलाच मिळते. सुती कपडाही काही फुकट पिकत नाही. एका टी-शर्टामागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. मग लेबलासकट टाकलेल्या कपड्याचे मला इतके का लागू नये?

रात्री मन जरा निवळले. बोहारणीला तो माल पुढे विकायचा असतो. माझ्या भिडेखातर तिने नको ते ओझे डोक्यावर का घ्यावे? धाकटीला फोन केला नाही. ऑफिसात तेच तेच कपडे घालून जाता येत नाही, हे तिचे म्हणणे मला पटत नाही. परंतु ती तिथे एकटी राहते आणि तिच्या अडचणी मला इथे बसून दिसत नाहीत.

लेगिंग्ज कापून उशीत भरता येतील. लेबलाची कुर्ती बाजूंनी उसवली तर मला होईल. उन्हाळ्यात अंगाला चिकटेल, पण थंडीत स्वेटरखाली चालून जाईल. राहिलेल्या कुर्त्यांचे काय करावे, ते अद्याप सुचलेले नाही.