कोंबडा वातड निघाला, आता बोलायचं काय?

गावरानी कोंबड्याचा बेत आपल्याकडे बहुधा मित्रमंडळी करतात, घरातले रोजचे हात नाही. मसाला सावजी, म्हणजे नागपूरकडचा झणझणीत, पातेलं मोठं, पाहुणे भुकेले आणि घड्याळात दहा. चूक व्हायला एवढं पुरतं. अशा वेळी बोलावं की गिळावं, हे चूक कोणती आहे त्यावर ठरतं.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मांस न शिजणं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो, अर्ध्या तासात शिजतो. वर्षभर अंगणात पळालेल्या कोंबड्याच्या मांसात चिवट तंतू जास्त. त्याला पातेल्यात सव्वा तास, नाहीतर कुकरच्या सहा-सात शिट्ट्या लागतात. यजमान ब्रॉयलरच्या हिशोबाने गॅस बंद करतो. ही चूक सुधारता येते, म्हणून बोलायचं, पण पानं वाढण्याआधी. चव बघायला स्वयंपाकघरात जा, तंगडीचा तुकडा उचला. मांस हाडापासून सुटत नसेल तर म्हणा, "भाऊ, अजून तीन शिट्ट्या घेऊ, तोवर कांदा-लिंबू कापतो." 'घेऊ' म्हणायचं, 'घे' नाही. पाणी घालायचं ते उकळतं. सावजी रस्सा खसखस, खोबरं आणि कुठे ज्वारीच्या पिठाने घट्ट असतो, कुकरमध्ये तळाला पटकन लागतो. लागलाच तर ढवळू नका. वरचा रस्सा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि तळ तसाच राहू द्या.

कडूपणा आला तर तो कुठे आहे ते आधी पाहा. फक्त काळजाचे एक-दोन तुकडे कडू असतील तर साफ करताना पित्ताची पिशवी फुटलेली असते. काळजावर हिरवट डाग राहतो. तेवढे तुकडे बाजूला ठेवा आणि शेजारच्याला हळूच सांगा. सगळा रस्साच कडू असेल तर लसूण किंवा खसखस करपली, नाहीतर दगडफूल जास्त झालं. यावर उपाय नाही. गूळ घातला की कडू ते कडूच राहतं, वर गोडही लागतं. इथे गप्प बसावं आणि लिंबू पिळून भात खावा.

तिखट झालंय ही तक्रार मात्र नागपुरात कोणी ऐकून घेणार नाही. लंबी रोटी जास्त घ्या.

खरी कसरत आग्रहाची. पहिल्याच वाढीला मान आणि पाठीचे तुकडे मागा. हाडं जास्त असल्याने ताट भरलेलं दिसतं आणि चावायचं कमी पडतं. दुसऱ्या वेळी फक्त तर्री मागा, कारण कोंबडा वातड असला तरी तर्री बहुतेक वेळा चांगलीच असते. तिचीच स्तुती करा. "एक नंबर झाला बे" म्हणालात तर पुढच्या महिन्यात तोच कोंबडा त्याच शिट्ट्यांवर. आणि "वहिनीच्या हातचं वेगळंच असतं" हे वाक्य त्या रात्री अजिबात नको. त्या दोघांत तुम्हाला काहून पडायचं?

दोन ठिकाणी लिहाज बाजूला ठेवायचा. सांध्याजवळचं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक दिसत असेल, गुलाबी पाणी सुटत असेल, किंवा वास उतरला असेल, तर ताबडतोब आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. नुसतं हाड काळपट-लाल दिसलं तर घाबरू नका, कोवळ्या पक्ष्यात शिजल्यावरही तसं दिसतं.

दुसरं, "आज रानातलं आहे" असं कोणी डोळे मिचकावत म्हणालं तर. रानडुक्कर, चितळ, ससा, तितर, काहीही असो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. मांस जवळ बाळगणंही गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी असेल तर किमान तीन वर्षं, सातपर्यंत. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं उशाशी असलेल्या गावात हे कोणाला माहीत नाही असं नाही. त्यातून रानडुकराच्या कच्च्या मांसात ट्रायकिनेला या परजीवी कृमीच्या अळ्या असू शकतात. "मी रानातलं खात नाही" एवढंच म्हणा आणि भाकर-ठेचा मागा. तिथे चवीवर बोलूच नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, ती वापरायची का हे तुम्ही ठरवा.

बाकी शिकवणी त्याच रात्री देऊ नये. पुढचा बेत ठरला की कोंबडा आणायला सोबत जा. पायामागचा काटा लांब आणि छातीच्या हाडाचं टोक कडक असेल तर कोंबडा जून आहे. काटा नुसता गाठीएवढा आणि टोक बोटाने वाकत असेल, तर तो घ्या.